अनेक गळे, एक गाणं

आज आपण एक वेगळं गाणं समजून घेणार आहोत. भाषा जर्मन, वय सुमारे तीनशे वर्षं, आणि गायचं ते तीस-चाळीस जणांनी, कधी कधी शंभर जणांनी मिळून. हे भाषण रेडिओवर झालं तेव्हा त्याआधी या गाण्याचे तीन तुकडे ऐकवले होते. वाचताना ते कानावर पडणार नाहीत, म्हणून त्यात काय ऐकू येतं तेही इथे लिहिलं आहे.

मावळातल्या गटांच्या बैठकींत आम्ही हे ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावलं. हप्ते जमा झाले, वह्या भरल्या आणि मग ऐकायला बसलो. पहिल्यांदा ऐकताना काहींना हसू आलं, काहींनी डोळे मिटले. मग प्रश्न सुरू झाले. तेच प्रश्न धरून पुढे जाऊ.

हे आहे तरी काय?

या प्रकाराला ऑरेटोरिओ म्हणतात. रोममध्ये प्रार्थनेच्या दालनाला जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं. अशा दालनात लोक जमायचे आणि धर्मातली एखादी कथा गाण्यातून सांगितली जायची. नाटकासारखा पडदा नाही, वेश नाहीत, हातवारे नाहीत. गाणारे जागेवर उभे राहतात आणि सगळी कथा गळ्यातून उभी करतात.

आपल्याला हे समजायला कीर्तन जवळचं आहे. कीर्तनात बुवा आख्यान सांगतात, मध्येच अभंग येतो, मागचे टाळकरी तो उचलून धरतात. ऑरेटोरिओतही एक जण कथा सांगतो. काही जण एकेकट्याने गातात आणि मनातलं सुखदुःख सांगतात. आणि महत्त्वाच्या जागी सगळे मिळून गातात. सगळ्यांनी मिळून गायच्या या भागाला कोरस म्हणतात. आपण ऐकले ते तिन्ही तुकडे कोरसचे आहेत.

साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपातल्या संगीताला बरोक संगीत म्हणतात. त्याच्या सुरुवातीच्या काळात आपल्याकडे तुकाराम महाराज अभंग रचत होते. शेवटच्या काळात जर्मनीत योहान सेबास्टियन बाख हा मोठा संगीतकार झाला. त्याचा जन्म १६८५ चा, मृत्यू १७५० चा. लाइपझिग या शहरात तो चर्चचं संगीत सांभाळायचा आणि शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचा. त्याची सगळ्यात मोठी रचना, ‘मॅथ्यू पॅशन’, १७२७ मध्ये पहिल्यांदा गायली गेली. त्या वेळी आपल्याकडे पहिल्या बाजीरावांची पेशवाई चालू होती. येशूला पकडलं, त्याच्यावर खटला झाला, त्याला क्रुसावर दिलं, ही तिची कथा. पूर्ण ऐकायला अडीच-तीन तास लागतात.

जर्मनमध्येच का?

त्याआधी शेकडो वर्षं चर्चमधली मुख्य उपासना लॅटिन भाषेत चालायची. शेतकऱ्याला, मोलकरणीला ती भाषा कळायची नाही. मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाने बायबलचं जर्मन भाषांतर केलं. त्याचा एक भाग १५२२ मध्ये आणि पूर्ण ग्रंथ १५३४ मध्ये छापून आला. त्याने साध्या चालींची जर्मन गाणीही रचली, म्हणजे चर्चमध्ये बसलेल्या सगळ्यांना ती गाता यावीत. दोनशे वर्षांनी बाखने आपल्या मोठ्या रचनांमध्ये याच चाली गुंफल्या. लोकांना चाल आधीच पाठ असायची. आपल्याला अभंगाची चाल ठाऊक असते आणि पहिल्या शब्दालाच हात टाळीला जातो, तसंच ते.

देवाचं आपल्या बोलीत यावं, ही ओढ आपल्या मातीलाही नवी नाही. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० च्या सुमारास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो याच ओढीने. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने येशूची कथा मराठी ओवीत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ हे तिचं नाव. १६१६ मध्ये ती छापली गेली आणि तिच्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. म्हणजे बाखच्या ‘मॅथ्यू पॅशन’च्या शंभर वर्षं आधी तीच कथा मराठीत, आपल्याच ओवीच्या छंदात आली होती.

बाखच्याच वर्षी, १६८५ मध्ये, जर्मनीत जॉर्ज फ्रिडरिक हँडेल जन्मला. तो लंडनमध्ये स्थायिक झाला, म्हणून त्याचे बहुतेक ऑरेटोरिओ इंग्रजीत आहेत. पण ते जर्मन भाषांतरातही खूप गायले जातात. त्याच्या ‘मसायाह’ या रचनेला मोझार्ट या संगीतकाराने १७८९ मध्ये जर्मन शब्दांसाठी नवी साथ लिहिली. ‘मसायाह’ची एक गोष्ट बचत गटाच्या बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तिचा पहिला कार्यक्रम १३ एप्रिल १७४२ ला डब्लिन शहरात झाला. गर्दी इतकी होणार होती, की बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्या घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी आधीच विनंती केली होती. जमलेले पैसे दवाखान्यांना आणि कर्ज फेडता न आल्याने तुरुंगात पडलेल्यांसाठी दिले गेले. त्या पैशातून १४२ कर्जदार सुटले.

एवढे जण वेगवेगळं गातात, तरी गोंधळ कसा होत नाही?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत आला. आपल्या भजनात सगळ्याजणी एकच चाल म्हणतात. एकीने पुढे म्हटलं, बाकीच्यांनी मागे. कोरसमध्ये चार चाली एकाच वेळी चालतात. बायकांचा किंवा लहान मुलांचा उंच गळा, त्याखालचा गळा, पुरुषांचा उंच गळा आणि सगळ्यात खालचा भारदस्त गळा. प्रत्येक गटाला त्याची स्वतःची चाल असते.

भातलावणी आठवा. चिखलणी करणारा वेगळा, रोपं उपटणाऱ्या वेगळ्या, मुठी बांधणारी वेगळी, खाचरात वाकून लावणाऱ्या वेगळ्या. प्रत्येकीचा हात निराळा चालतो, पण खाचर एकच आणि संध्याकाळी सगळं शेत हिरवं दिसतं. लावणाऱ्या पुढे गेल्या आणि रोपांच्या मुठी आल्याच नाहीत, तर काम अडतं. कोरसचंही तसंच. चारही गळ्यांचा ताल एक, सुरांचं नातं ठरलेलं आणि नेमक्या जागी सगळे एकत्र येतात.

कधी कधी एक गळा चाल सुरू करतो. तो थोडा पुढे गेला की दुसरा गळा तीच चाल पहिल्यापासून धरतो, मग तिसरा, मग चौथा. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवी काढावी आणि ती संपायच्या आत दुसरीने उचलावी, तसं वाटतं. ऐकताना एकच गळा निवडा आणि त्याच्या मागे जा. मग गाणं पुन्हा लावून दुसऱ्या गळ्याच्या मागे जा. चार वेळा ऐकलं की चार निराळी गाणी ऐकल्यासारखं होतं.

आणि श्वास? लांब सूर तुटत कसा नाही, असं पुष्कळजणींनी विचारलं. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामात शरीरात काय घडतं ते यंत्रं लावून तपासलं. श्वास सावकाश, आपल्या ताब्यात सोडणं ही प्राणायामाची शिकवण, आणि गाणाऱ्यालाही आधी तेच शिकावं लागतं. पण कोरसची एक वेगळी युक्ती आहे. लांब सुरावर सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारची गात असते तेव्हा ही हळूच श्वास घेते आणि परत सुरात मिसळते. मग शेजारची घेते. त्यामुळे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. गटात एखादीच्या घरी आजारपण आलं की बाकीच्या तिचं काम ओढून नेतात आणि ती सावरून परत येते. या युक्तीत आम्हाला तेच दिसलं.

तीन तुकडे कसे ऐकायचे?

पहिला तुकडा बाखच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ची सुरुवात. ही रचना सहा भागांची. २५ डिसेंबर १७३४ पासून ६ जानेवारी १७३५ पर्यंतच्या सहा सणवारांना एकेक भाग गायला गेला. सुरुवातच नगाऱ्याने होते. एकटा नगारा वाजतो, बासऱ्या उत्तर देतात, मग तुताऱ्या येतात. भाज्याच्या लेण्यात एक बाई ढोल वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे असं कोरलेलं आहे. वाद्याच्या ठेक्यावर आनंद साजरा करायची रीत किती जुनी आहे, ते मावळात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गळे येतात तेव्हा आधी चारही एकच चाल धरतात, नगाऱ्यासारखी ठाम, आणि मग वेगळे होत जातात. ही चाल बाखने मूळ एका राणीच्या वाढदिवसासाठी केली होती. वर्षभराने तिच्यावर येशूच्या जन्माचे शब्द बसवले. आपणही चांगली चाल एकाच गाण्यात अडकवून ठेवत नाही.

दुसरा तुकडा ‘मॅथ्यू पॅशन’ची सुरुवात. खालचे सूर जड पावलांसारखे सारखे पडत राहतात. इथे गाणाऱ्यांच्या दोन फळ्या आहेत. पहिली फळी मुलींना हाक मारते, या, माझ्यासोबत शोक करा, बघा त्याच्याकडे. दुसरी फळी मध्येच विचारते, कोणाकडे? कसा? कुठे? शब्द कळले नाहीत तरी हे तुटक प्रश्न कानाला कळतात. दोघींनी सवाल-जवाब करावेत तसे ते येतात. या दोन्हींच्या वरून मुलांचे गळे एक जुनं साधं भक्तिगीत गात जातात. दुःखाच्या मोठ्या गलक्यावरून ती चाल शांतपणे पुढे सरकते. आमच्या एका गटातल्या आजी ऐकून म्हणाल्या, “हे तर मौतीच्या घरचं गाणं आहे.” एका शब्दाचाही अर्थ न कळता त्यांनी नेमकं ओळखलं.

याच रचनेत पुढे गर्दीचे कोरस आहेत. कोणाला सोडू, असं सुभेदार विचारतो आणि सगळा जमाव येशूऐवजी बरब्बा या कैद्याचं नाव ओरडतो. एकच शब्द, दोन्ही फळ्यांच्या तोंडून एकदम. अंगावर काटा येतो. जे गळे सुरुवातीला रडत होते, तेच आता कोणाचा तरी जीव मागतात. जमाव असा फिरतो, हे बाखने शब्दाने समजावलं नाही, गळ्यांतून ऐकवलं.

तिसरा तुकडा छोटा आहे. सगळे मिळून संथपणे गातात, एका सुरावर एक अक्षर. या चालीचीही कथा आहे. हान्स लिओ हासलर नावाच्या संगीतकाराने १६०१ मध्ये छापलेलं ते प्रेमगीत होतं. पुढे तिच्यावर भक्तीचे शब्द बसले. ‘मॅथ्यू पॅशन’मध्ये ती पाच वेळा येते. वरची चाल तीच, खालचे तीन गळे बहुतेक वेळा बदललेले. दागिना तोच, पण लुगडं वेगळं. येशूच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते, तेव्हा खालचे सूर असे वळतात की तीच चाल फार कातर वाटते.

मोबाइलवर शोधायचं असेल तर कार्ल रिश्टर यांच्या म्युनिकच्या गायनमंडळाचं १९५८ चं ‘मॅथ्यू पॅशन’ ऐका. त्यात मोठ्या बायका-पुरुषांचे गळे आहेत. मग १९७० मध्ये लाइपझिग आणि ड्रेस्डेन इथल्या मुलग्यांच्या गायनमंडळांनी गायलेलं ऐका. उंच सुरांतला फरक लगेच कळतो.

यात बायका कुठे आहेत?

बाखच्या काळात लाइपझिगच्या मोठ्या चर्चमध्ये बायकांना गायनमंडळात जागा नव्हती. बायकांच्या उंचीचे सूर शाळेतले मुलगे गायचे.

आता बाखच्या घरात बघू. त्याची दुसरी बायको आना माग्डालेना स्वतः उत्तम गायिका होती. एका राजाच्या दरबारात तिला गाण्याचा पगार होता. लाइपझिगला आल्यावर त्या चर्चमध्ये तिला गाता येत नव्हतं. तिला तेरा मुलं झाली, त्यातली सात लहानपणीच गेली. एवढ्या संसारात ती नवऱ्याच्या रचना बसून उतरवून काढायची. छापणं महाग होतं आणि गाणाऱ्यांना कागद हाताने लिहूनच द्यावे लागत. आज बाखचं जे संगीत मिळतं, त्यातला काही भाग तिच्या अक्षरात आहे.

१७५० मध्ये बाख गेला. मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा तिला मिळाला, बाकीचा मुलांना. काही रचनांचे कागद तिने नवऱ्याच्या शाळेला दिले. १७५२ मध्ये नगरपालिकेने तिला थोडी रक्कम दिली, ती तिची गरज पाहून आणि काही संगीताच्या वह्यांचा मोबदला म्हणून. ती १७६० मध्ये वारली, तेव्हा ती धर्मादाय मदतीवर जगत होती. तिने शाळेला दिलेले कागद मात्र लाइपझिगमध्ये आजही जपून ठेवले आहेत.

पुढे बाखच्या मोठ्या रचना गायच्या जवळजवळ बंद झाल्या. ‘मॅथ्यू पॅशन’ची नक्कल कुठेतरी कपाटात होती, पण कोणी गात नव्हतं. बर्लिनमध्ये बेला सॉलोमन नावाच्या आजीने आपल्या नातवाला, फेलिक्स मेंडेल्सोनला, तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना तिची नक्कल भेट दिली. बेलाची बहीण सारा लेवी ही उत्तम वादक होती. तिने बाख घराण्याच्या कितीतरी वह्या जमवल्या आणि पुढे बर्लिनच्या गायनमंडळाला देऊन टाकल्या. या दोघी बहिणी ज्यू धर्माच्या. चर्चमधलं हे संगीत त्यांच्या धर्माचं नव्हतं, तरी मोलाचं आहे हे ओळखून त्यांनी ते जपलं.

११ मार्च १८२९ ला वीस वर्षांच्या फेलिक्सने ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभं केलं. आणि त्या गायनमंडळात बायका होत्या. ज्या सुरांना बाखच्या काळात बायकांचा गळा चालत नव्हता, तेच सूर शंभर वर्षांनी बायकांनी गायले. आज जगभर हे संगीत गायलं जातं, त्यामागे आजीने नातवाला दिलेली ती एक वही आहे.

मग आपल्या गाण्याचं काय?

मावळाला लिहून ठेवण्याची मोठी परंपरा आहे. आपल्याच तालुक्यातल्या सुदुंबऱ्याला समाधी असलेले संताजी जगनाडे महाराज तुकोबांचे टाळकरी, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारेही. गायलं, आणि लिहिलंही, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

बायकांच्या ओव्या मात्र कोण लिहिणार? त्या जात्यावर जन्मल्या, पिठासारख्या सांडल्या. पुण्यातले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी हे ओळखलं. मुळशी, मावळच्या डोंगरपट्ट्यातल्या बायकांसोबत काम करता करता त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० नंतरच्या दशकात त्यातल्या पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. हा सगळा साठा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून लोकांपुढे येतो आहे. ओवी गाणारीचं नाव आणि गाव तिथे नोंदलेलं असतं.

पण त्या वेळी ज्यांच्याकडे कोणी पोहोचलं नाही, अशा कितीतरी जणी आपल्या वाड्यावस्त्यांवर आहेत. गिरणी आली आणि जाती अंगणात उलटी पडली. हळदीला ओवी म्हणायच्या आधीच स्पीकर सुरू होतो. पवना धरणात जमिनी गेलेल्या घरांतल्या आजींना ठाऊक असलेली शेतांची आणि वाटांची नावं त्यांच्या गाण्यांत टिकली असतील, तर ती आणखी कुठे सापडणार? एक आजी गेली की तिच्यासोबत सगळं गाणं जातं. बाखच्या कागदाला निदान कपाट तरी होतं.

म्हणून गटांनी हे काम हाती घ्यावं. त्याला पैसा लागत नाही.

महिन्यातून एका बैठकीला एका आजीला बोलवा किंवा तिच्या घरी जा. आधी विचारा, रेकॉर्ड केलं तर चालेल का आणि कोणाला ऐकवलं तर चालेल. ती नाही म्हणाली तर नुसतं ऐका. खोली शांत निवडा, पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाइल विमान मोडवर टाका, म्हणजे मध्ये फोन येणार नाही. तो तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. रेकॉर्डिंग सुरू करून आधी तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख बोला. मग तिला गाऊ द्या, मध्ये दुरुस्ती करू नका. जातं असेल तर मूठभर दाणे टाकून फिरवा. ओढायला लागल्यावर विसरलेल्या ओव्या आपोआप ओठांवर येतात. शेवटी विचारा, ही ओवी कोणाकडून शिकलात, केव्हा म्हणायचात.

मग गटातल्या लिहित्या मुलीने ते ऐकून वहीत उतरवावं, जसं म्हटलं तसं, बोली न बदलता. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा, एक मोबाइलमध्ये आणि एक पेनड्राइव्हवर. बर्लिनच्या त्या गायनमंडळाचा वह्यांचा संग्रह दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झाला होता. तो १९९९ मध्ये कीव शहरात सापडला आणि नंतर बर्लिनला परत आला. प्रत्येक वेळी एवढं नशीब नसतं.

जर्मन कोरस आपल्याला पाठ होणार नाही आणि व्हायलाही नको. पण पुढच्या बैठकीत तो एकदा शांतपणे ऐका. मग गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईला म्हणा, “आता तुमची एक ओवी होऊ द्या.” आणि मोबाइल सुरू करा.